पाऱ्याला न दिसणारी उष्णता

एप्रिल उजाडला की सोलापूरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर एक आकडा मुक्कामाला येतो. काल ४१.८, आज ४२.६, उद्या ४३ पार करण्याची शक्यता. पार्क चौकातल्या चहाच्या टपरीपासून होटगी रोडच्या सोसायट्यांपर्यंत सगळीकडे त्याचीच चर्चा. पण हा आकडा फक्त तापमान सांगतो. त्याच तापलेल्या हवेत माठातलं पाणी गार कसं राहतं, एप्रिलमध्ये सुखावणारा कूलर जुलैत नुसता दमट वारा का फेकतो, साखर कारखान्याला रस आटवायला बगॅस (उसाचा चोथा) कसं पुरतं, घाम पुसून टाकला तर काय बिघडतं, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी उष्णतेचा हिशोब लागतो.

हा हिशोब दहावीच्या विज्ञानात आहे आणि सूत्रं दोनच आहेत. मुलं ती पाच मार्कांसाठी पाठ करतात, परीक्षा झाली की विसरतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्या जिल्ह्यातलं शेत, कारखाना, स्वयंपाकघर आणि उन्हाळा या दोन सूत्रांवर चालतो.

तापमान आणि उष्णता

कपभर उकळता चहा आणि अंघोळीचं बादलीभर कोमट पाणी. चहाचं तापमान कितीतरी जास्त, पण उष्णता बादलीत जास्त. तापमान म्हणजे वस्तू किती तापली आहे; उष्णता म्हणजे ती तेवढी तापवायला एकूण किती ऊर्जा घालावी लागली. थर्मामीटर पहिली गोष्ट मोजतो. गॅस आणि विजेचं बिल दुसऱ्या गोष्टीचं येतं.

मोजायला एकक हवं. एक किलो पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. शास्त्रज्ञ ज्यूल वापरतात आणि एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,१८० ज्यूल. पण पाण्याची गणितं किलोकॅलरीत तोंडी होतात, म्हणून इथे तेच एकक वापरू. आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी.

पहिलं सूत्र: तापवण्याचं

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला बदल

यातला मधला शब्दच काय तो जड आहे. एक किलो पदार्थ एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते, तो आकडा म्हणजे त्या पदार्थाची विशिष्ट उष्माधारकता. पाण्याची १, बर्फाची ०.५, ॲल्युमिनियमची सुमारे ०.२१, लोखंडाची ०.११, तांब्याची ०.०९.

बादलीत २० लिटर पाणी आहे आणि ते २५ अंशांवरून ४५ वर न्यायचं आहे. २० × १ × २० = ४०० किलोकॅलरी. भागिले ८६०, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा थोडी कमी वीज. दोन किलोवॉटचा गीझर हे काम चौदा मिनिटांत करतो. कपभर चहाचं पाणी, साधारण १०० ग्रॅम, २५ पासून उकळीपर्यंत न्यायला सव्वासात-साडेसात किलोकॅलरी पुरतात.

आता एक किलोचा लोखंडी तवा ३० अंशांवरून २३० वर न्या. १ × ०.११ × २०० = २२ किलोकॅलरी. एवढ्याच उष्णतेत लिटरभर पाणी ३० वरून जेमतेम ५२ वर जाईल. नेहमीच्या पदार्थांमध्ये पाण्याएवढी उष्णता पोटात घेणारे फार थोडे. दुपारी डांबरी रस्त्यावर पाय ठेववत नाही आणि त्याच वेळी कंबर तलावाचं पाणी हाताला सोसवतं, याचं एक मोठं कारण हेच. तलावाची दुसरी कारणं पुढे येतील.

मध्येच पारा थांबतो, तेव्हा

इथपर्यंत सरळ आहे: जेवढी उष्णता, तेवढं तापमान. गडबड होते ती बर्फ वितळताना आणि पाणी उकळताना. पातेल्यात बर्फ घेऊन मंद आचेवर ठेवा, ढवळत राहा आणि थर्मामीटर धरा. आच चालू आहे, गॅस जळतो आहे, पण सगळा बर्फ वितळेपर्यंत पारा शून्यावरून हलत नाही. पुढे तो चढत चढत उकळीपर्यंत जातो आणि पुन्हा थांबतो. पातेल्यातलं शेवटचं पाणी उडून जाईपर्यंत तो तिथेच असतो.

सोलापूरहून पुण्याला मोटारीने निघालात असं धरा. चाकं फिरतात तोवर पेट्रोल जळतं आणि किलोमीटरचा आकडा वाढत जातो. सावळेश्वरच्या टोलनाक्यावर गाडी थांबते. खिशातून पैसे जातात, किलोमीटर मात्र तेवढेच राहतात. टोल भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुढे वरवड्याला पुन्हा तेच. दर किलोमीटरला जळणारं पेट्रोल म्हणजे विशिष्ट उष्माधारकता, आणि नाक्यावरचा टोल म्हणजे अप्रकट उष्मा: पदार्थाची अवस्था बदलताना शोषली जाणारी, पण थर्मामीटरवर न दिसणारी उष्णता.

दुसरं सूत्र म्हणूनच आणखी सोपं आहे. त्यात तापमानच नाही.

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट अप्रकट उष्मा

बर्फाचं पाणी होताना किलोला ८० किलोकॅलरी. उकळत्या पाण्याची वाफ होताना किलोला ५४०. या दोन आकड्यांतला फरक नीट पाहा. पहिला टोल ८०, दुसरा ५४०.

टोलशी तुलना एका ठिकाणी मात्र तुटते. परतीच्या वाटेवर टोल पुन्हा भरावा लागतो, इथे तो परत मिळतो. एक किलो वाफेचं पाणी झालं की ५४० किलोकॅलरी जशाच्या तशा बाहेर येतात. कारखान्याकडे वळू तेव्हा हीच गोष्ट कामाला येईल.

पूर्ण हिशोब एकदा मांडू

उणे १० अंशांवरचा एक किलो बर्फ. त्याची १०० अंशांची वाफ करायची आहे. वाटेत चार टप्पे लागतात आणि प्रत्येकाचं गणित वेगळं करावं लागतं.

बर्फ उणे १० वरून शून्यावर: १ × ०.५ × १० = ५
शून्यावर बर्फाचं पाणी: १ × ८० = ८०
पाणी शून्यावरून १०० वर: १ × १ × १०० = १००
१०० वर पाण्याची वाफ: १ × ५४० = ५४०

बेरीज ७२५ किलोकॅलरी. यातल्या ६२० किलोकॅलरी पारा स्थिर असताना खर्च झाल्या, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ८५. नुसता थर्मामीटर बघत बसणाऱ्याला या सगळ्या प्रवासातले १०५ किलोकॅलरीच दिसले असते.

मग ती उष्णता जाते तरी कुठे?

पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. तापमान वाढतं म्हणजे त्यांची हालचाल वाढते. बर्फ वितळताना किंवा पाणी उकळताना आत आलेली ऊर्जा हालचाल वाढवण्याऐवजी ही पकड सोडवण्यात खर्च होते. बर्फात पकड थोडी सैल करायची असते, म्हणून ८०. वाफ होताना प्रत्येक रेणू पार सुटा करायचा असतो, शिवाय बाहेरची हवा ढकलून वाफेला जागा करून द्यायची असते, म्हणून ५४०.

१७६० च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी हे प्रयोगाने दाखवलं. तोवर समजूत अशी होती की बर्फ वितळण्याच्या बिंदूला पोहोचला की जराशा उष्णतेने सगळा वितळतो. तसं असतं तर हिमालयातला बर्फ पहिल्या उन्हाबरोबर एका दमात पाणी होऊन खाली आला असता. त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटला प्रयोगात दिसलं की थोड्याशा वाफेने तिच्या सहापट वजनाचं थंड पाणी उकळीला येतं. त्याला ते कोडं वाटलं, ब्लॅकने उलगडून सांगितलं. आपणही करून पाहू: दहा अंशांचं सहा किलो पाणी १०० वर न्यायला ६ × ९० = ५४०. बरोबर एका किलो वाफेचा टोल.

पण पाणी तर १०० अंशांच्या आधीही वाळतं

हो. दोरीवरची चादर सोलापूरच्या उन्हात तासाभरात खडखडीत वाळते, तिचं तापमान कधी शंभरावर जात नाही. पृष्ठभागावरचे जे रेणू जास्त जोरात हलत असतात ते कुठल्याही तापमानाला निसटतात. हे बाष्पीभवन. टोल मात्र इथेही चुकत नाही. उलट थोडा जास्तच पडतो. ३० अंशांच्या आसपास किलोला सुमारे ५८० किलोकॅलरी. निसटणारं पाणी ही उष्णता जवळ जे काही असेल त्यातून घेतं.

माठ हेच करतो. दहा लिटरच्या माठातून २०० ग्रॅम पाणी पाझरून उडालं तर ०.२ × ५८० = ११६ किलोकॅलरी गेल्या. बाहेरून काहीच उष्णता आत आली नाही असं धरलं, तर आतलं पाणी साडेअकरा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा सतत उष्णता देत असते, म्हणून माठ सावलीत आणि वाऱ्याला ठेवायचा. बाहेरून रंग लावून त्याची छिद्रं बुजवली की माठाचं कामच संपलं.

कूलरचा हिशोब मला विशेष आवडतो, कारण तो एसीच्या 'टना'पर्यंत नेतो. एसीचा एक टन हे वजन एसीचं नाही. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची ती क्षमता आहे. ९०७ × ८० भागिले २४, म्हणजे तासाला सुमारे ३,०२३ किलोकॅलरी. आता कूलरच्या जाळीतून तासाला पाच लिटर पाणी उडत असेल तर ५ × ५८० = २,९०० किलोकॅलरी. जवळजवळ एक टन.

मग एसी घेतोच कशाला, असं कोणी विचारेल. कूलर हवेतली उष्णता काढून टाकत नाही, ती बाष्पात लपवून त्याच हवेत सोडतो. ती हवा खिडकीवाटे बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर खोली दमट होते आणि पाणी उडायचं थांबतं. हवा कोरडी असेल तोवरच हा कारभार चालतो. एप्रिलमध्ये आपली हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो. कोकणात त्याच महिन्यात चालत नाही. आणि आपल्याकडेही आषाढात त्याचा उपयोग राहत नाही.

शेततळं आणि उजनी

एप्रिलमध्ये सोलापूर भागात एका चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात सूर्याकडून साधारण साडेसहा युनिट ऊर्जा पडते. साडेसहा गुणिले ८६०, म्हणजे ५,५९० किलोकॅलरी. भागिले ५८०, उत्तर ९.६. म्हणजे ही सगळी ऊर्जा पाणी उडवण्यात गेली तर दर चौरस मीटरवरून साडेनऊ लिटर पाणी जाईल, अर्थात पातळी साडेनऊ मिलीमीटरने खाली येईल. काही ऊर्जा परत फिरते, काही पाणी तापवण्यात जाते, उलट कोरडा वारा आपली भर घालतो. रोजची घट सात मिलीमीटर धरली तरी २० गुंठ्यांच्या तळ्यातून, म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटरवरून, दिवसाला १४,००० लिटर पाणी आकाशात जातं. एका मोठ्या टँकरपेक्षा जास्त, रोज. तळ्यावर सावलीची जाळी टाकण्याचा खर्च परवडतो का, हे ठरवताना हा आकडा समोर असावा. उजनीसारखं पसरट आणि उथळ पाणी जितकी जागा व्यापेल, तितका सूर्याचा हिस्सा वाढतो. याच कारणाने तलावाचं पाणी रस्त्याएवढं तापत नाही: खोलवर मिसळणं एक आणि सतत उडणारं पाणी दुसरं.

अंगातली उष्णता

हा भाग मी सगळ्यांनी दोनदा वाचावा असं सांगेन.

माणूस स्वस्थ बसला तरी त्याचं शरीर तासाला साधारण ७५ किलोकॅलरी उष्णता तयार करतं. शरीराची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.८३. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तापमान एका अंशाने वाढायला ६० × ०.८३ × १, जवळपास ५० किलोकॅलरी पुरतात. हवा थंड असते तेव्हा ही उष्णता कातडीवाटे बाहेर जाते. पण कातडीचं तापमान साधारण ३५. बाहेर ४३ असेल तर उष्णता उलट आत यायला लागते. बाहेर जाण्याचा एकच रस्ता उरतो: घाम उडणं.

तो रस्ता बंद झाला तर? ७५ भागिले ५०. तासाला दीड अंश, तेही बाहेरून येणारी उष्णता न धरता आणि माणूस बसलेला असताना. ३७ वरून दोन तासांत ४०. शरीराचं तापमान ४० च्या वर जाऊन माणूस बरळायला लागला, बेशुद्ध पडला, की तो उष्माघात असतो आणि तिथे मिनिटांचा प्रश्न असतो.

घाम उडाला तर मात्र लिटरला ५८० किलोकॅलरी जातात. बाहेरून येणारी उष्णता न धरता, बसलेल्या माणसाला तासाला शे-दीडशे मिलीलिटर घाम पुरतो. उन्हात ऊस बांधणाऱ्या किंवा सेंट्रिंगवर काम करणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट. यातून तीन गोष्टी निघतात. अंगातलं पाणी कमी पडलं तर घामही कमी येतो. निथळून खाली पडलेला घाम उष्णता घेऊन जात नाही, अंगावरून उडालेलाच नेतो. आणि दमट हवेतले ३८ अंश कोरड्या हवेतल्या ४३ पेक्षा घातक ठरू शकतात. उष्माघाताच्या माणसाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर पाणी मारून जोरात वारा घालायला सांगतात ते याचसाठी. त्याचा घाम थांबलेला असू शकतो, म्हणून बाहेरून पाणी देऊन ते उडवायचं. त्याच वेळी १०८ ला फोन.

वाफेचा चटका

१०० अंशांचं एक ग्रॅम पाणी हातावर पडून ३७ पर्यंत निवलं तर ६३ कॅलरी हाताला मिळतात. तेवढ्याच तापमानाची एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० देते आणि मग वरचे ६३. एकूण ६०३, साडेनऊ पट. वाफेने भाजल्यावर लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली हात वीस मिनिटं धरावा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नये.

उकळी आली की आच कमी करा

लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७३-७५ किलोकॅलरी. तेच लिटर पूर्ण उडवायला ५४०. उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवली तर पाणी एक अंशही जास्त तापत नाही, फक्त जास्त वेगाने वाफ होते. डाळीला तापमान हवं असतं, वाफेची घाई नको असते. झाकण ठेवा आणि आच बारीक करा. डाळ तितक्याच वेळात शिजेल. एक लिटर पाणी विनाकारण उडवायला घरच्या शेगडीवर साधारण ८० ग्रॅम गॅस लागतो.

कुकरचं तत्त्व वेगळं आहे. त्यात दाब वाढवून उकळीचा बिंदूच १२० अंशांच्या आसपास नेलेला असतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच असल्याने उघड्या पातेल्यात पाणी इथे १०० च्या थोडं आधीच, ९८ ते ९९ च्या दरम्यान उकळतं. हिशोबात फरक नगण्य.

ज्वारीची भाकरीही याच नियमाने वागते. तवा दोनशेच्या वर असतो, पण भाकरीत पाणी आहे तोवर तिचं आतलं अंग शंभराच्या पुढे जात नाही. एका ग्रॅम पाण्याची वाफ दीड लिटरपेक्षा जास्त जागा मागते, म्हणून भाकरी टम्म फुगते. कडक भाकरी करताना तिच्यातलं उरलंसुरलं पाणीही मंद आचेवर उडवावं लागतं, म्हणून तिला वेळ लागतो. आच मोठी केली तर बाहेरून जळते, आतून ओली राहते.

एकच वाफ चार वेळा

आता जिल्ह्याच्या अर्थकारणाकडे. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा, आणि साखर कारखान्याचं बरंचसं काम म्हणजे पाणी उडवणं.

१०० टन उसातून, चरकावर मारलेलं पाणी धरून, साधारण तेवढ्याच वजनाचा पातळ रस निघतो. त्यात विरघळलेले घन पदार्थ १५ टक्के धरू. हा रस ६० टक्क्यांपर्यंत आटवायचा. घन पदार्थ १५ टनच राहतात, म्हणून पाक २५ टन होतो. ७५ टन पाणी उडवावं लागलं. ७५,००० × ५४० = ४ कोटी ५ लाख किलोकॅलरी.

एक किलो पाणी उडवायला साधारण एक किलो वाफ लागते, कारण वाफ आपला टोल परत देते तेवढाच रसातलं पाणी घेतं. म्हणजे ७५ टन वाफ. एका टन बगॅसमधून बॉयलर सव्वादोन टनांच्या आसपास वाफ देतो, म्हणजे ३३-३४ टन बगॅस. आणि १०० टन उसातून बगॅस निघतं २८ ते ३० टन. नुसता रस आटवायलाच ते पुरणार नाही. साखरेचे पॅन आणि टर्बाइन बाजूलाच राहिले.

तरीही आज कारखाने आपल्याच बगॅसवर चालतात आणि वर वीज विकतात. कारण रस एका भांड्यात आटवत नाहीत, चार-पाच भांड्यांच्या रांगेत आटवतात. पहिल्या भांड्यात बॉयलरकडून आलेली वाफ रस उकळवते. त्या रसातून जी वाफ निघते ती हवेत न सोडता दुसऱ्या भांड्याला देतात. तिथला दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे रस कमी तापमानालाच उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. शेवटचं भांडं निर्वाताखाली ५५-६० अंशांवर उकळतं. ५४० चा तोच टोल चार वेळा वसूल होतो. ७५ टन पाणी उडवायला आता १९ टनांच्या आसपास वाफ लागते, म्हणजे साडेआठ टन बगॅस.

या यंत्राचं पेटंट १८४३ मध्ये नॉर्बर्ट रिल्यू यांनी घेतलं. न्यू ऑर्लिन्सला जन्मलेले कृष्णवर्णीय अभियंता. त्यांच्या काळी तिथे गुलाम माणसं उघड्या कढयांतून उकळता रस एकीतून दुसरीत पळ्यांनी ओतत आणि भाजत. या माणसाचं नाव आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

चारच्या ऐवजी वीस भांडी का लावत नाहीत? पहिल्या आणि शेवटच्या भांड्यातला तापमानाचा फरक ठरलेला असतो. जितकी भांडी वाढवाल तितका प्रत्येकाच्या वाट्याला फरक कमी येतो, उष्णता सावकाश शिरते आणि नळ्यांचा पसारा वाढवावा लागतो. इंधनात वाचलेले पैसे लोखंडात जातात.

गुऱ्हाळावरच्या काहिलीत मात्र सगळी वाफ आकाशात जाते. तिथे एका किलो पाण्याचा टोल एकदाच भरून सोडून द्यावा लागतो. म्हणूनच चिपाड वाळवून जाळणं तिथे फार महत्त्वाचं. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. ते अर्धा किलो पाणी २५ वरून १०० वर नेऊन उडवायला ३७ अधिक २७०, म्हणजे प्रत्येक किलो ओल्या चोथ्यातल्या तीनशेवर किलोकॅलरी त्याच्या स्वतःच्याच पाण्यावर खर्च होतात. उन्हात वाळवलं की तो खर्च सूर्य करतो.

रंगवलेल्या सुताचंही तसंच. हायड्रोमध्ये (ओलं सूत पिळणाऱ्या यंत्रात) गरगर फिरवून बाहेर फेकलेल्या पाण्याला अप्रकट उष्मा द्यावा लागत नाही, कारण ते पाणी म्हणूनच बाहेर जातं. जे उरतं त्यालाच किलोमागे सहाशेवर किलोकॅलरी लागतात. आधी पिळा, मग वाळवा.

कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष खर्च

सूत्र सांगतं ती पदार्थात शिरलेली उष्णता. शेगडीवर गॅसची साधारण ६० ते ६५ टक्के उष्णताच भांड्यात जाते, बाकीची कडेने निघून जाते. म्हणून आलेलं उत्तर कार्यक्षमतेने भागायचं, मगच इंधन कळतं. विशिष्ट उष्माधारकताही तापमानाबरोबर किंचित बदलते. घरच्या आणि शाळेच्या हिशोबाला त्याने काही अडत नाही.

मुलं जिथे अडकतात

दोन चुका वारंवार होतात. एक, अवस्था बदलतानाच्या टप्प्यात तापमानाने गुणणं. तिथे तापमान बदलतच नाही. दुसरी, ग्रॅम आणि किलो, कॅलरी आणि ज्यूल यांची सरमिसळ.

तिसरी चूक हुशार मुलांची आहे. ५०० ग्रॅम पन्हं, ३० अंशांवर. त्यात शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ. पन्हं पाण्यासारखंच धरू. शून्यावर येईपर्यंत ते ५०० × ३० = १५,००० कॅलरी देऊ शकतं. बर्फ वितळायला ८,०००. उरल्या ७,०००, त्या ६०० ग्रॅमांत वाटल्या तर अंतिम तापमान ११.७ अंश. बरोबर.

आता बर्फ २०० ग्रॅम घ्या. त्याच पद्धतीने केलं तर १५,००० वजा १६,०००, भागिले ७००, म्हणजे उणे १.४ अंश. पण शून्याच्या पन्ह्यात शून्याचा बर्फ टाकून ते शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. ऋण उत्तराचा अर्थ एवढाच की सगळा बर्फ वितळलेला नाही. म्हणून आधी तपासायचं: बर्फाला लागणारी उष्णता उपलब्ध आहे का? नसेल तर किती बर्फ वितळेल ते काढायचं. १५,००० भागिले ८०, म्हणजे १८७.५ ग्रॅम. अंतिम तापमान शून्य, आणि तांब्यात साडेबारा ग्रॅम बर्फ तरंगत राहतो.